रुईच्या गाठीवरील नाव

चिखलदऱ्याच्या पठाराच्या दक्षिण कडेवरून खाली पाहिले म्हणजे पयानघाटाची काळी जमीन क्षितिजापर्यंत पसरलेली दिसते. अचलपूर, अंजनगाव, दर्यापूर, अमरावती, अकोला ही सारी गावे त्या पूर्णेच्या खोऱ्यात वसलेली. पाठीशी मेळघाटाच्या रांगा आणि शेजारी गाविलगडाचे ओसाड तट. पर्यटक गडावरील तोफा पाहतात, छायाचित्रे काढतात आणि परततात. परंतु हा गड ज्या मुलखावर पहारा देत उभा राहिला, त्या मुलखाविषयी एक प्रश्न सव्वाशे वर्षांहून अधिक काळ अनुत्तरित राहिला होता, हे फार थोड्यांना ठाऊक असते. तो प्रश्न असा, की वऱ्हाड नेमके कोणाचे? आणि त्याच्याच पोटात दडलेला दुसरा प्रश्न असा, की ज्या मुलखाच्या मालकीविषयी दोन सत्तांत वाद आहे, तेथे पिकलेला माल जगाच्या बाजारात कोणत्या नावाने विकला जावा?

हा दुसरा प्रश्न आज पुन्हा ऐरणीवर आला आहे. डिसेंबर २००९मध्ये ब्रिटनच्या सरकारने आपल्या देशातील दुकानदारांना एक सल्ला दिला. जॉर्डन नदीच्या पश्चिम तीरावरून येणाऱ्या मालावर नुसते ‘पश्चिम तीर’ असे न छापता, तो माल इस्रायली वसाहतीतला आहे की पॅलेस्टिनी लोकांचा आहे, हेही नमूद करावे, असा तो सल्ला होता. २०१५ साली युरोपीय संघाने त्याच धर्तीची मार्गदर्शक सूचना काढली. १२ नोव्हेंबर २०१९ रोजी युरोपीय न्यायालयाने, एका मद्याच्या बाटलीवरील नावावरून उद्भवलेल्या प्रकरणात, व्याप्त प्रदेशातील वसाहतींचा माल तसा ओळखता आला पाहिजे, असा निर्णय दिला. ग्राहकाला सत्य कळले पाहिजे, असे एका पक्षाचे म्हणणे. जगात वादग्रस्त मुलूख अनेक असता एकाच देशाच्या मालाला असा नियम लावणे हा पक्षपात आहे, असे इस्रायलचे म्हणणे. मध्ये उभा आहे तो दुकानदार. त्याला खजूर विकायचे आहेत. परंतु खजुराच्या डब्यावरील दोन शब्द छापताच तो कोणत्या तरी एका बाजूचा ठरतो.

या वादाविषयी वाचताना आम्हांस आपल्या वऱ्हाडाची आणि वऱ्हाडच्या कापसाची आठवण होते. जो प्रश्न युरोपच्या दुकानांत आज विचारला जात आहे, तो आपल्या पूर्वजांच्या रुईच्या गाठींना फार पूर्वीच विचारला गेला होता. त्याचे जे उत्तर मिळाले ते आजही विचार करण्याजोगे आहे.

दोन धन्यांचा मुलूख

११ ऑक्टोबर १७२४ रोजी आजच्या बुलढाणा जिल्ह्यातील साखरखेर्डा येथे निजाम-उल्-मुल्काने मुबारिजखानाचा पराभव केला आणि दक्षिणेत आपली स्वतंत्र सत्ता उभी केली. त्यानंतर वऱ्हाडावर निजामाचा अंमल आला खरा, परंतु नागपूरकर भोसल्यांनीही तेथे आपला हक्क बसविला. महसुलात दोघांचाही वाटा असे. लोक या व्यवस्थेला ‘दोअमली’ म्हणत. दोन धनी असलेल्या घरातील नोकराची जी स्थिती होते, तीच वऱ्हाडच्या कुणब्याची झाली.

१५ डिसेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीच्या सैन्याने गाविलगड घेतला. दोनच दिवसांनी देवगावचा तह झाला आणि त्यान्वये वर्धा नदीच्या पश्चिमेकडील वऱ्हाड भोसल्यांच्या हातून गेले. पुढच्याच वर्षी कंपनीने ते निजामाच्या पदरात टाकले. धनी आता एकच उरला असे वाटले. परंतु ती शांतता फार काळ टिकली नाही. निजामाच्या खर्चाने, पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखाली एक फौज ठेवण्यात आली होती. तिला हैदराबाद कंटिंजंट म्हणत. या फौजेची एक छावणी एलिचपुरास, म्हणजे आजच्या अचलपूर-परतवाड्यास होती. १८२३ साली हैदराबाद फौजेतील कॅप्टन रॉबिन्सन याने चिखलदरा ‘शोधून काढला’ असे सांगितले जाते. गवळी आणि कोरकू बांधव तेथे कितीतरी आधीपासून राहत होते. गाविलगडाला नावच गवळ्यांवरून मिळाले आहे. कोणत्याही स्थळाचा शोध कोणी लावला, हेही एक प्रकारचे नाव चिकटविणेच असते, एवढेच येथे नमूद करून पुढे जाऊ.

त्या फौजेचा पगार थकत गेला आणि निजामाच्या नावावर कर्ज चढत गेले. २१ मे १८५३ रोजी लॉर्ड डलहौसीच्या अमदानीत तह झाला आणि वऱ्हाड, धाराशिव व रायचूर दुआब हे प्रदेश इंग्रजांच्या कारभारात गेले. १८६० साली धाराशिव व रायचूर निजामास परत मिळाले आणि पन्नास लाखांचे कर्ज रद्द झाले. वऱ्हाड मात्र इंग्रजांकडे राहिले. मालकी निजामाची, कारभार इंग्रजांचा, आणि खर्च वजा जाता उरलेला वसूल निजामास द्यावयाचा, अशी ही विलक्षण व्यवस्था होती. सरकारी कागदोपत्री या मुलखास ‘हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स’ म्हणजे ‘हैदराबादने नेमून दिलेले जिल्हे’ असे नाव पडले. या लांबलचक नावात वऱ्हाड हा शब्द कोठेच नव्हता.

दिवाण सर सालारजंग यांनी वऱ्हाड परत मिळावे म्हणून आयुष्यभर खटपट केली. १८७६ साली ते विलायतेसही जाऊन आले. ५ नोव्हेंबर १९०२ रोजी लॉर्ड कर्झन आणि निजाम मीर महबूब अली खान यांच्यात करार होऊन वऱ्हाड सालिना पंचवीस लाख रुपयांवर कायमच्या पट्ट्याने इंग्रजांकडे गेले. १९०३ साली ते मध्य प्रांताच्या कारभारास जोडले गेले. तरीही मालकी निजामाचीच होती. कायद्याच्या दृष्टीने वऱ्हाड हा परका मुलूख असल्यामुळे ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे तेथे आपोआप लागू होत नसत. ते वेगळ्या हुकमाने लागू करावे लागत. इतकेच नव्हे, तर पुढे कायदेमंडळे आली तेव्हा वऱ्हाडच्या मतदारांनी निवडून दिलेले प्रतिनिधी कागदोपत्री सरकारने ‘नेमलेले’ म्हणून बसत असत. निवडणूक खरी, नाव मात्र नेमणुकीचे!

१९२३ साली निजाम मीर उस्मान अली खान यांनी वऱ्हाड परत मागितले आणि वऱ्हाडच्या लोकांना स्वराज्याचे आश्वासनही दिले. वऱ्हाडातील अनेक पुढाऱ्यांनी त्यास विरोध केला. २७ मार्च १९२६च्या पत्राने लॉर्ड रीडिंग यांनी ही मागणी फेटाळली. १९३६च्या करारात मात्र निजामाचे सार्वभौमत्व पुन्हा मान्य झाले, युवराजास ‘प्रिन्स ऑफ बेरार’ ही पदवी मिळाली आणि ब्रिटिश निशाणाच्या जोडीने निजामाचे निशाण वऱ्हाडात फडकविण्याचे ठरले. सप्टेंबर १९४८च्या पोलीस कारवाईनंतर आणि २६ जानेवारी १९५० रोजी राज्यघटना अमलात आल्यावर हा वाद इतिहासजमा झाला. पुढे १९५६ साली वऱ्हाड मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आले.

उमरावतीचे झाले ‘उमरा’

राजे, रेसिडेंट आणि दिवाण यांचा हा कागदी संग्राम चालू असता पयानघाटात कापूस पिकतच होता. १८२५-२६च्या सुमारास विकाजी आणि पेस्तनजी या पारशी बंधूंच्या पेढीने वऱ्हाडचा कापूस प्रथमच थेट मुंबईस रवाना केला. त्या काळी तो बैलांच्या पाठीवरून जाई. सह्याद्री ओलांडीपर्यंत धूळ, पाऊस आणि वाटेवरचे कर यांनी कापूसही मळे आणि नफाही.

मुंबईच्या बाजारात या कापसाला अमरावतीच्या, म्हणजे त्या वेळच्या उमरावतीच्या नावाने ओळखू लागले. इंग्रज व्यापाऱ्यांच्या जिभेवर त्याचे ‘उमरावटी’ झाले आणि शेवटी नुसते ‘उमरा’ उरले. लिव्हरपूलच्या दलालांच्या भावपत्रकात भडोच, धोलेरा, हिंगणघाट, धारवाड यांच्या रांगेत उमरावतीही जाऊन बसली. येथे लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी, की सरकारी नाव ‘हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स’ असताना व्यापाऱ्यांनी ते घेतले नाही. निजामाचे नाव घेतले नाही आणि राणीचेही घेतले नाही. ज्या बाजारात माल जमतो त्या गावाचे नाव त्यांनी घेतले. दोन सत्तांच्या वादातून वाट काढण्याची ही व्यापारी युक्ती मोठी सोयीची होती. गावाच्या नावाने कोणी रागावत नाही.

परंतु सोय म्हणजे सत्य नव्हे. विलायतेत पोहोचता पोहोचता पश्चिम हिंदुस्थानातील बहुतेक साऱ्या कापसाला आणखी एक नाव चिकटत असे, ते ‘सुरत’. पूर्वी माल सुरतेच्या बंदरातून जात असे म्हणून हे नाव पडले आणि माल मुंबईहून जाऊ लागल्यावरही ते टिकले. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस बंद झाला आणि लँकेशरच्या गिरण्यांना हिंदुस्थानचा कापूस घेणे भाग पडले. तो आखूड धाग्याचा होता, त्यात माती, सरकी आणि कधी कधी मुद्दाम शिंपडलेले पाणीही असे. सूत तुटे आणि मजुराची रोजी बुडे. ‘देवा, कापूस दे, पण सुरतेचा नको’ अशी प्रार्थना तेथील एका मजुराने केली, अशी आख्यायिका आहे. ‘सुरत’ हा शब्दच तिकडे निकृष्ट आणि भेसळीच्या मालाचा वाचक बनला. दर्यापूरच्या ज्या शेतकऱ्याने निवडून, वेचून, स्वच्छ कापूस विकला, तोही या नावाखाली बदनाम झाला. त्याने सुरत कधी पाहिलीही नव्हती!

भेसळ रोखण्यासाठी १८६३ साली मुंबई इलाख्यात कापूस-लबाडीविरोधी कायदा झाला आणि तपासनीस नेमले गेले. १८८२ साली तो रद्द झाला. बंदरावर गाठ फोडून पाहण्याने फारसे साधत नसे. कारण लबाडी शेतापासून बंदरापर्यंत कोठेही होऊ शकत होती आणि शेत होते परक्या अमलात. याच काळात रेल्वे आली. १८६७ साली मुंबई-नागपूर लोहमार्ग पूर्ण झाला. १८७० साली लॉर्ड मेयो खामगावच्या शाखामार्गासाठी स्वतः आले. व्होल्कार्ट, रॅली यांच्यासारख्या युरोपीय पेढ्या वऱ्हाडात येऊन प्रत्यक्ष खरेदी करू लागल्या. १८८६ साली कारंजा येथे रेसिडेंटच्या हुकमाने नियंत्रित कापूस बाजार सुरू झाला आणि १८९७ साली वऱ्हाडसाठी कापूस व धान्य बाजारांचा कायदा झाला. हिंदुस्थानातील नियंत्रित बाजारांचा आरंभ वऱ्हाडात झाला, ही अभिमानाची गोष्ट होय. परंतु तोही हैदराबादच्या रेसिडेंटच्या नावाने झाला.

आणि हाच कापूस कापड होऊन परत आला तेव्हा? मँचेस्टरच्या ताग्यांवर रंगीत तिकिटे चिकटविलेली असत. आपल्याकडच्या गिऱ्हाइकास आवडावे म्हणून त्यांवर देवादिकांची आणि राजांची चित्रे छापीत. ब्रिटनमध्ये १८८७ साली आणि हिंदुस्थानात १८८९ साली व्यापारी चिन्हांचे कायदे झाले. विदेशी मालावर खोटा देश दाखवू नये, हा त्यांचा एक प्रमुख हेतू होता. विलायतेतील कारखानदारांना जर्मन मालाची भीती वाटत होती, म्हणून देशाचे नाव छापणे त्यांना अगत्याचे वाटले. परंतु कापड कोणी विणले एवढेच त्या तिकिटावरून कळे. धागा कोणाच्या शेतातला, हे विचारणारा कायदा कोणी केला नाही.

चांगल्याला वाईटाचे नाव

नाव ढिले पडले की काय होते, हे ‘उमरा’च्या पुढील इतिहासावरून दिसते. वऱ्हाड आणि वर्धा खोऱ्यात पूर्वी ‘बनी’ नावाचा लांब धाग्याचा सुरेख कापूस होत असे. परंतु त्यातून रुई कमी निघे. ‘जडी’ कापूस धाग्याने आखूड, पण काटक आणि रुईला भरघोस. बाजारात दोन्ही ‘उमरा’ म्हणूनच जाऊ लागले. हळूहळू ‘उमरा’ या नावाखाली खानदेश, मध्य प्रांत, माळवा आणि निजामाच्या मराठवाड्यातील कापूसही आला. गावाचे नाव प्रतीचे नाव बनले. मग ज्याने बनी पेरली त्याला अधिक भाव देण्याचे कारण उरले नाही. ज्याने मिसळ केली त्याचा फायदा झाला. शेतकऱ्याने शहाणपणाने जडी पेरली आणि बनी वऱ्हाडातून जवळजवळ नाहीशी झाली. तलवारीने किंवा तहाने जे झाले नाही ते एका ढिल्या नावाने झाले.

१९२०च्या दशकात या दुखण्यावर औषध शोधले गेले. १९२१ साली मध्यवर्ती कापूस समिती स्थापन झाली. १९२३च्या कापूस वाहतूक कायद्याने एका भागातील हलका कापूस दुसऱ्या भागात नेऊन मिसळण्यास आळा घातला. १९२५च्या कायद्याने प्रत्येक प्रेसिंग कारखान्यास स्वतःचे चिन्ह दिले आणि प्रत्येक गाठीवर ते चिन्ह व अनुक्रमांक उमटविणे सक्तीचे केले. आता जपानात गाठ फोडली आणि आत दगड सापडला, तर तो कोणत्या कारखान्यात भरला गेला हे सांगता येऊ लागले. हा साधा उपाय होता. त्यात कोणत्या राजाचे सार्वभौमत्व आहे याचा निकाल नव्हता. ही गाठ कोठे बांधली गेली, एवढेच सत्य होते.

परंतु नावाला दुसरीही धार असते. विसाव्या शतकात आमच्या आखूड धाग्याचा सर्वांत मोठा गिऱ्हाईक जपान होता. १९३३ साली हिंदुस्थान सरकारने जपानी कापडावरील जकात पंचाहत्तर टक्क्यांपर्यंत वाढविली. त्याला उत्तर म्हणून जपानच्या सूतगिरणीवाल्यांनी हिंदुस्थानचा कापूस घेणार नाही असे ठरविले. जानेवारी १९३४मध्ये उभय पक्षांत समझोता होईपर्यंत हा बहिष्कार चालला. जकात बसविली ती दिल्लीने आणि लँकेशरच्या दबावाचीही त्यात चर्चा होती. झळ मात्र वऱ्हाड-खानदेशच्या शेतकऱ्याला पोहोचली. त्या जकातीविषयी त्याला कोणी विचारले नव्हते, जसे १८५३ आणि १९०२ सालीही विचारले नव्हते.

आजचे वाद

आता पुन्हा आजकडे वळू. आपल्या मराठी मुलखातच एक उदाहरण आहे. १९५६च्या राज्यपुनर्रचनेपासून बेळगाव, निपाणी आणि सीमाभागातील अनेक गावे यांविषयी महाराष्ट्र व कर्नाटक यांच्यात वाद आहे. १९६६ साली महाजन आयोग नेमला गेला, १९६७ साली त्याचा अहवाल आला. महाराष्ट्राने तो मान्य केला नाही आणि २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. या वादात दुकानांच्या पाट्या, गावांची नावे, बसगाड्यांवरील अक्षरे या साऱ्यांवरून डोकी फुटली आहेत. परंतु कोल्हापुरी चपलेचा प्रश्न आला तेव्हा काय झाले? ही चप्पल कोल्हापूर, सांगली, सातारा व सोलापूर या चार जिल्ह्यांत होते, तशीच ती बेळगाव, धारवाड, बागलकोट व विजापूर या चार जिल्ह्यांतही होते. अथणीचे कारागीर तर त्यासाठी प्रसिद्ध आहेत. दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांनी मिळून अर्ज केला आणि २०१८-१९च्या सुमारास या आठ जिल्ह्यांना मिळून भौगोलिक निर्देशांकाची मान्यता मिळाली. सीमा कोठे असावी याचा निकाल त्या नोंदणीने दिला नाही. चामडे कोण कमावते आणि वेणी कोण घालतो, एवढे मात्र त्यात नोंदले गेले. २०२५ साली इटलीतील एका बड्या पेढीने तशाच चपला मूळ सांगितल्याविना प्रदर्शनात मांडल्या, तेव्हा या नोंदणीच्या बळावरच कारागिरांची बाजू जोरकसपणे मांडता आली आणि त्या पेढीला मूळ मान्य करावे लागले.

दुसरे उदाहरण आफ्रिकेतील आहे. पश्चिम सहारा हा मुलूख मोरोक्कोच्या ताब्यात आहे, परंतु तेथील सहरावी लोक त्यास मान्यता देत नाहीत. तेथे पिकणारी खरबुजे आणि छोटी टोमॅटो युरोपच्या दुकानांत ‘मोरोक्को’ या नावाने विकली जात. फ्रान्समधील शेतकऱ्यांच्या एका संघटनेने त्याविरुद्ध दाद मागितली आणि ४ ऑक्टोबर २०२४ रोजी युरोपीय न्यायालयाने निर्णय दिला, की त्या फळांवर ‘पश्चिम सहारा’ असेच नाव पाहिजे. खटला करणाऱ्यांत फ्रेंच शेतकऱ्यांचा स्वार्थही होता, हे उघड आहे. स्वस्त टोमॅटोची त्यांना स्पर्धा होतीच. म्हणून त्यांनी मागितलेले सत्य असत्य ठरत नाही; परंतु नावाच्या प्रत्येक आग्रहामागे कोणाचा लाभ आहे, हे पाहून ठेवणे शहाणपणाचे असते. १८८७ सालच्या विलायती कारखानदारांप्रमाणेच हेही आहे.

तिसरे उदाहरण आपल्या भाविकांच्या हातात असते. पवित्र भूमीच्या यात्रेहून परतणारे कित्येक जण बेथलेहेमचे ऑलिव्हच्या लाकडाचे क्रूस आणि जपमाळा आणतात. बेथलेहेम पश्चिम तीरावर आहे आणि हे कोरीवकाम तेथील ख्रिस्ती कुटुंबांचा पिढीजात धंदा आहे. अमेरिकेच्या जकात खात्याचे नियम पाहा : १९९५पासून पश्चिम तीरावरील मालावर ‘इस्रायल’ असे लिहिण्यास मनाई होती, २०२० साली नियम बदलला आणि तेथील ज्या भागावर इस्रायलचा पूर्ण ताबा आहे, तेथील मालावर ‘इस्रायल’ असेच लिहावे असे ठरले. झाड तेच, डोंगर तोच. वॉशिंग्टनमधील एका कचेरीत शिक्का बदलला आणि देश बदलला! १८५३ ते १९३६ या काळात वऱ्हाडच्या शेतकऱ्याने हाच अनुभव घेतला नव्हता काय?

मग नावात काय असावे? काही सुज्ञ लोक म्हणतात, की व्यापाऱ्याने राजकारणात पडू नये. ‘उमरा’सारखे सोयीचे नाव घ्यावे आणि मोकळे व्हावे. आम्हांस हे पुरेसे वाटत नाही. सोयीच्या नावाने बनी कापसाचा बळी घेतला, हे आपण पाहिले. दुसरे काही म्हणतात, की वादग्रस्त मुलखाचा माल घेऊच नये. त्यांच्या मनातील न्यायाची तळमळ आम्ही समजू शकतो आणि अन्यायाने बळकावलेल्या जमिनीतील पिकाला आपल्या पैशाने हातभार लावू नये असे एखाद्याच्या सदसद्विवेकाने ठरविले, तर तो त्याचा हक्क आहे. परंतु १९३३चा बहिष्कार सांगतो, की असा घाव बहुधा प्रथम बसतो तो राजाला नव्हे, तर मजुराला. म्हणून बहिष्काराचा निर्णय नाव छापणाऱ्याने घ्यावयाचा नसतो. त्याने खरे काय ते लिहावे आणि निर्णय घेणाऱ्यावर सोपवावा. खोटी साक्ष देऊ नये, ही आज्ञा न्यायालयापुरती नाही. दुकानाच्या फळीवरील डबाही साक्षच देत असतो.

आणि खरे लिहावयाचे म्हणजे काय? कोणाचे निशाण फडकते हे वाद मिटेपर्यंत लिहिता येणार नाही. तो वाद दुकानात मिटणारा नव्हे. परंतु कोणत्या गावात, कोणत्या जमिनीवर आणि कोणाच्या हातांनी माल तयार झाला, हे वाद मिटण्यापूर्वीही लिहिता येते. १९२५च्या गाठीवरील शिक्क्याने आणि आठ जिल्ह्यांच्या कोल्हापुरी चपलेने एवढेच केले. १८९१ साली पोप तेरावे लिओ यांनी आपल्या परिपत्रकात कामगाराच्या रास्त मजुरीचा आणि प्रतिष्ठेचा आग्रह धरला. त्याचे नाव पुसून केवळ धन्याचे नाव मालावर लावणे हे त्या प्रतिष्ठेत बसत नाही, असे आम्हांस वाटते. वऱ्हाडच्या कापसाच्या शंभर वर्षांच्या व्यापारात सुरतेचे नाव आले, उमरावतीचे आले, हैदराबादचे आणि मँचेस्टरचेही आले. ज्या बाईने कापूस वेचला तिचे गाव मात्र कोठेच आले नाही.

हे सारे दूरच्या सरकारांनी करावयाचे काम आहे, असे समजून आपण स्वस्थ बसण्याचे कारण नाही. चिखलदऱ्याच्या परिसरात कॉफी पिकते. मेळघाटच्या रानात कोरकू बांधव मध गोळा करतात. ‘चिखलदऱ्याची कॉफी’, ‘मेळघाटचा मध’ असे कागद लावलेल्या बाटल्या आणि पुड्या यात्रेकरूंना व पर्यटकांना विकल्या जातात. त्यांत दुसरीकडचा माल मिसळला, तर पहिल्या दिवशी कोणाचेच नुकसान दिसणार नाही. परंतु बनीचे जे झाले तेच या मधाचे होण्यास फार वर्षे लागणार नाहीत आणि त्याची किंमत मोजील तो रानात मोहोळाला हात घालणारा माणूस. आपल्या धर्मग्रामांतील कित्येक कुटुंबे लहानमोठी दुकाने चालवितात. त्यांनी माल घेताना एवढे विचारावे, की हा कोठून आला आणि कोणी केला. आणि जे उत्तर मिळेल तेच गिऱ्हाइकास सांगावे. गिऱ्हाइकानेही ते विचारावयाचे सोडू नये.